लेकराचा ‘का?’ दाबू नका

उमरेडहून आम्ही दरवर्षी लेकरांना खांद्यावर घेऊन दीक्षाभूमीला जातो. चार वर्षांच्या पोरालाही त्रिशरण-पंचशील पाठ असतं, याचा आम्हाला अभिमान वाटतो. पण तेच पोरगं घरी “हे असं का?” विचारतं, तेव्हा आपण म्हणतो, “गप बस!” मग पोथी पाठ करून घेणाऱ्यांत आणि आपल्यात फरक काय उरला?

महागडी खेळणी नकोत. पांढऱ्या फडक्यावर ओली हळद लावा. त्यावर कपडे धुण्याच्या साबणाचं पाणी टाका, पिवळा डाग लाल होतो. वर लिंबू पिळा, डाग पुन्हा पिवळा. साबण अल्कधर्मी, लिंबू आम्लधर्मी, हळद दोघांना ओळखते. लेकराला हे लगेच सांगू नका. आधी विचारा, “आता काय होईल?” अंदाज चुकू द्या, पुन्हा करू द्या. साबण डोळ्यांत जाणार नाही एवढं बघा.

हळदीत चुना कालवून भोंदूबाबा ‘रक्त’ काढून दाखवतात. अशांसाठी २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. पण तो गुन्हा घडल्यावर कामाला येतो. स्वतःच्या हातानं हळद लाल केलेलं लेकरू त्याआधीच हसेल.

वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणं हे संविधानाच्या कलम ५१-क नुसार नागरिकाचं कर्तव्य आहे. धम्मही ‘एहिपस्सिको’ म्हणतो : ये आणि स्वतः बघ. मित्रांनो, या रविवारी विहारात पोरांसमोर भाषण नको, हळद-लिंबू घेऊन बसा.

जयभीम!