पेशी घटल्या, पण डेंग्यू नाही

पावसाळा सरता सरता बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्यात तापाची साथ येते आणि पातुर्ड्यापासून टुनकी-सोनाळ्यापर्यंत एकच वाक्य ऐकू येतं : ‘पेशी घटल्या.’ प्लेटलेट हा शब्द आता घरातल्या आजीलाही पाठ आहे. पेशी घटल्या म्हणजे डेंग्यू, आणि डेंग्यू म्हणजे पपईच्या पानांचा रस, सलाईन आणि चार दिवस वाट पाहणं. बहुतेकांचं यात निभावतं. आज लिहायचं आहे ते ज्यांचं निभावत नाही अशा मोजक्या रुग्णांविषयी. त्यांतल्या काहींना डेंग्यू नसतोच. त्यांना रक्ताचा कर्करोग असतो, आणि तोही असा, की वेळेत ओळखला तर बहुतांश रुग्ण पूर्ण बरे होतात.

या आजाराचं नाव अ‍ॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया. घोळणा फुटतो आणि थांबत नाही, हिरड्यांतून रक्त येतं, मार न लागता अंगावर काळेनिळे डाग उमटतात, पाळीत अतोनात रक्त जातं. प्लेटलेट तर घटतातच, शिवाय रक्त गोठवणारे घटकही संपत जातात. म्हणून इथला रक्तस्राव डेंग्यूपेक्षा फार लवकर जिवावर बेततो.

आत काय बिघडतं ते समजून घेण्याजोगं आहे. पांढऱ्या पेशी हाडांच्या मगजात जन्मतात आणि एकेक पायरी चढत परिपक्व होतात. या वाटेवर पुढे जाण्याचा हुकूम देणाऱ्यांपैकी एक म्हणजे अ जीवनसत्त्वापासून शरीरात तयार होणारं रेटिनॉइक आम्ल. या आजारात १५ आणि १७ क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची आपसात अदलाबदल होते. त्यातून एक जोडप्रथिन तयार होतं आणि ते हा हुकूम अडवून धरतं. मग पेशी प्रोमायलोसाइट या कच्च्या अवस्थेतच अडकतात आणि मगज त्यांनीच भरून जातो. कपाशी हिरवीगार उभी राहावी आणि बोंडंच फुटू नयेत, तसं.

शांघायच्या रुइजिन रुग्णालयातले डॉ. वांग झेन्यी यांनी १९८५ साली पाच वर्षांच्या एका अत्यवस्थ मुलीला ऑल-ट्रान्स रेटिनॉइक आम्ल दिलं. ती बरी झाली. १९८८ मध्ये त्यांच्या गटाने २४ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. चोविसांच्या चोवीस जणांचा आजार आटोक्यात आला होता आणि त्यांतल्या एकालाच जोडीला थोडी केमोथेरपी लागली. औषधाच्या मोठ्या मात्रेपुढे ते अडेल प्रथिन हटलं आणि कच्च्या पेशी मरण्याऐवजी पिकल्या. कर्करोगाची पेशी ठार न करता तिला तिच्या मूळ वाटेवर आणता येतं, हे इतक्या ठसठशीतपणे माणसात पहिल्यांदाच दिसलं. वैद्यकाच्या इतिहासात मला याहून सुंदर शोध फार थोडे वाटतात.

पुढे त्याला आर्सेनिक ट्रायऑक्साइडची जोड मिळाली. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने नुसत्या आर्सेनिकवर ७२ रुग्णांवर उपचार केले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ८६ टक्के रुग्णांचा आजार आटोक्यात आला होता. २०१३ मधल्या युरोपीय चाचणीत दोन्ही औषधं एकत्र दिली गेली. फार जोखीम नसलेल्या रुग्णांत दोन वर्षांनंतर आजार न उलटता जिवंत असलेल्यांचं प्रमाण ९७ टक्के निघालं.

हे वाचून कुणी दुकानातून अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणू नयेत. प्रत्येक गाठीला हा न्याय लागू होत नाही. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ साली तिचा निष्कर्ष आला : अ जीवनसत्त्वाचा पूर्वघटक असलेलं बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढला. अमेरिकेतल्या अशाच एका चाचणीत त्याच्यासोबत अ जीवनसत्त्वही दिलं होतं. तिथेही नुकसानच दिसलं आणि १९९६ मध्ये ती मुदतीआधी थांबवावी लागली. खर्रा खाणाऱ्यांनी तिरुवनंतपुरमचा अभ्यास लक्षात ठेवावा. तंबाखूमुळे तोंडात पडलेले पांढरे चट्टे अ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने निम्म्या रुग्णांत गेले खरे, पण औषध थांबताच त्यांतल्या दोन तृतीयांश रुग्णांत परतले. खर्रा सोडण्याला पर्याय नाही.

अंगणवाडीत बाळांना मिळणारा अ जीवनसत्त्वाचा डोस मात्र वेगळा. नवव्या महिन्यात एक लाख युनिट, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाख, ही मोजून ठरवलेली मात्रा आहे. ती चुकवू नये.

मग या बऱ्या होणाऱ्या आजारात माणसं दगावतात कधी? पहिल्या काही दिवसांत, बहुधा मेंदूत रक्तस्राव होऊन. म्हणून जगभरचे तज्ज्ञ सांगतात, की गुणसूत्रांच्या तपासणीचा अहवाल येण्याची वाट पाहू नका. नुसता सबळ संशय आला तरी रेटिनॉइक आम्ल सुरू करा. आजार दुसराच निघाला तर ते थांबवता येतं. आपल्या तालुक्यापासून नागपूर जवळपास तीनशे किलोमीटर आहे, मुंबईचं टाटा रुग्णालय त्याहून लांब. इतक्या प्रवासात रक्त थांबत नाही. रेटिनॉइक आम्लाच्या कॅप्सूल दहा मिलिग्रॅमच्या असतात, प्रौढाला दिवसाला साधारण सात-आठ लागतात, आणि त्या ठेवायला शीतसाखळी लागत नाही. त्या घेताना ताप, धाप, सूज असा घातक त्रास उद्भवू शकतो, त्यावर डेक्सामेथासोन तातडीने द्यावं लागतं. गर्भवतींना तर या कॅप्सूल विशेष जोखमीच्या. म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, पण देखरेख तर जिल्ह्यातही ठेवता येते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात या कॅप्सूलचा पहिल्या काही दिवसांपुरता साठा कायम असावा. वरवट बकालच्या ग्रामीण रुग्णालयात यंत्राने पेशी कमी दाखवल्या, की रक्ताची काच (स्लाइड) सूक्ष्मदर्शकाखाली माणसाच्या डोळ्यांनी पाहिली जावी. मूत्रपिंडाच्या आजाराने पोळलेल्या या खारपाणपट्ट्याला निदान उशिरा होण्याची किंमत वेगळी सांगायला नको.

आणि वाचकांनो, ताप नसताना किंवा उतरल्यावरही पेशी घटत असतील, अंगावर डाग आणि हिरड्यांत रक्त असेल, तर डॉक्टरांना एवढं विचारा : ‘स्लाइड पाहिली का?’ संशय असेल तर त्याच दिवशी निघा. खर्चाच्या धास्तीने थांबू नका. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत, योजनेतल्या रुग्णालयात पोचल्याबरोबर आरोग्यमित्राला भेटा.