स्तंभालेख शून्यापासूनच काढावा



स्तंभालेख म्हणजे आकड्यांचे चित्र. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कोण जास्त, कोण कमी ते उंचीवरून कळते. गुरुजींनी सांगितले की, विल्यम प्लेफेअर नावाच्या माणसाने १७८६ साली आपल्या पुस्तकात असा आलेख छापला. स्कॉटलंडमध्ये किती किमतीचा माल आला आणि तिथून किती गेला, ते त्याने पट्ट्या काढून दाखवले.

पण माझे मत असे आहे की, स्तंभालेख नेहमी शून्यापासूनच काढावा. का ते सांगते.

मागच्या भित्तिपत्रकासाठी मी आमच्या वर्गाच्या एका दिवसाच्या हजेरीचा आलेख काढला. त्या दिवशी मुलगे १६ आणि मुली १३ हजर होत्या. कागद लहान, त्यात १६ घरे मावेनात. म्हणून मी तळाला १० लिहिले आणि तिथून वर मोजले. मुलग्यांचा स्तंभ ६ घरांचा झाला आणि मुलींचा ३ घरांचा. रंग मात्र छान भरला.

पालकसभेला माझ्या मैत्रिणीचे आजोबा आले होते. त्यांना वाचता येत नाही. आलेख बघून ते म्हणाले, "पोरी तर निम्म्याच येत्यात की! मग आमची घरी राहिली तर काय बिघडलं?" मैत्रीण माझ्याकडे बघायला लागली. मला रडूच आलं. आकडे खरे होते, पण चित्र खोटं बोललं. आणि ते चित्र माझंच होतं.

गुरुजी रागावले नाहीत. ते म्हणाले, "कागद लहान असला तर तळ कापू नये, प्रमाण बदलावे." मग मी १ घर म्हणजे २ विद्यार्थी असे प्रमाण घेतले. मुलग्यांची ८ घरे झाली, मुलींची साडेसहा. शेजारी पटाचेही स्तंभ काढले. पटावर मुलगे १८ आणि मुली १४ आहेत. म्हणजे २ मुलगे गैरहजर होते आणि मुलगी फक्त १! मुली कमी दिसतात, कारण वर्गात त्या आहेतच कमी.

डोंगरांचेही तसेच. कळसूबाई १६४६ मीटर उंच आणि साल्हेर १५६७ मीटर. १ घर म्हणजे १०० मीटर धरून शून्यापासून काढले तर दोघे जवळजवळ सारखे दिसतात. पण १५०० पासून सुरू केले, तर साल्हेर कळसूबाईच्या निम्मासुद्धा दिसत नाही. असे कसे चालेल?

वर्गातली काही मुलं म्हणतात, "शून्यापासून काढला की फरकच दिसत नाही." मी म्हणते, फरक लहान असेल तर तो लहानच दिसला पाहिजे. नीट कळावा म्हणून स्तंभाच्या डोक्यावर आकडा लिहा.

नवा आलेख मी आजोबांना घरी नेऊन दाखवला. एकेक घर बोट ठेवून मोजून दाखवलं. ते काही बोलले नाहीत. पण सोमवारी मैत्रीण दप्तर घेऊन शाळेत आली.

म्हणून मित्रांनो, आलेख बघताना आधी तळाला काय लिहिले आहे ते बघा, मग उंची बघा. आणि काढताना शून्य विसरू नका.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी