तालमीच्या जागेचं भाडं

कलेला अनुदान द्यावं की नाही, हा विषय निघाला की मराठी माणूस एक वाक्य हमखास टाकतो: अस्सल कला लोकाश्रयावर जगते, अनुदानावर जगतात ती बांडगुळं. साक्षीला तो रंगभूमीचा इतिहास बोलावतो. तिकीट काढून नाटक पाहणारा समाज आमचा, मग कुणापुढे हात पसरायची गरजच काय?

साक्षीदाराची उलटतपासणी करू. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’चा खेळ केला, तो सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या सांगण्यावरून आणि त्यांच्याच आश्रयानं. पात्रं जमवायची, त्यांना शिकवायचं, कपडेपट उभा करायचा, हे सगळं संस्थानाच्या आधारावर झालं. १८५१ मध्ये चिंतामणराव वारले, आश्रय सुटला आणि भाव्यांची मंडळी खेळ घेऊन गावोगाव फिरू लागली. १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून प्रयोग झाले. लोकाश्रयवाले गोष्ट इथून सुरू करतात आणि आधीची वर्षं गाळतात. मुंबईकरांनी पैसे मोजले ते तयार नाटकाला. ते तयार होण्याचा खर्च सांगलीत आधीच निघाला होता.

माझा मुद्दा हाच आहे. तिकीट झालेल्या कामाची किंमत देतं, होऊ घातलेल्या कामाची देत नाही. आणि नव्या कलावंताजवळ झालेलं काम नसतंच. असते ती एक वही, चार मित्र आणि तालमीला जागा शोधण्याची वणवण.

यावर छबिलदासचं नाव पुढे येतं. प्रायोगिक रंगभूमी कुठे अनुदान मागायला गेली होती? १९७४ पासून ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेनं दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात जे उभं केलं ते पदरमोड करूनच, हे खरं. पण ते सभागृह व्यावसायिक नाट्यगृहाच्या दरानं घ्यावं लागलं असतं, तर ती चळवळ किती महिने टिकली असती? पुढे याच संस्थेला माहीमच्या महापालिका शाळेनं आसरा दिला. शाळेनं स्वस्तात दिलेली जागा हेही अनुदानच. धनादेशावर आलं नाही म्हणून आपण त्याला अनुदान म्हणत नाही, एवढंच.

सिनेमाचंही तेच. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हा पहिलाच चित्रपट. कनिष्ठ न्यायालयात रखडणारा खटला, आरोपी एक म्हातारा शाहीर, नाव घ्यावं असा एक तारा नाही. विवेक गोंबर यांच्यासारखा निर्माता मिळाला हे नशीब. पण पटकथा घडत असताना रॉटरडॅम महोत्सवाच्या ह्यूबर्ट बाल्स फंडाचं साहाय्यही मिळालं. २०१४ मध्ये व्हेनिसला पुरस्कार मिळाले, मग सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही आला. तेव्हा आपण सगळे ‘आपला मराठी सिनेमा’ म्हणून मिरवलो. कागदावरच्या ‘कोर्ट’साठी मात्र आपल्यापैकी कुणी तिकीट काढलं नव्हतं.

अनुदानानं कलावंत आळशी होतो, हा दुसरा आक्षेप. त्याला फार वेळ द्यायचं कारण नाही. अनुदान नसतं तेव्हा कलावंत कष्टाळू होतो असं दिसत नाही. ज्याला घरून खायला मिळतं तोच टिकतो, असं दिसतं. पुण्या-मुंबईत राहायला घर आणि आईवडिलांचा पगार, हे आपल्याकडचं सर्वांत मोठं, कुणीही न मोजलेलं अनुदान आहे.

तिसरा आक्षेप वजनदार आहे: ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी. डिसेंबर २०२२ मध्ये कोबाड गांधी यांच्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’ या पुस्तकाच्या अनघा लेले यांनी केलेल्या अनुवादाला राज्य सरकारचा पुरस्कार जाहीर झाला आणि काही दिवसांतच सरकारनं तो रद्द केला, निवड समितीही बरखास्त केली. तो पुरस्कार होता, अनुदान नव्हे, ही पळवाट मी काढणार नाही. देणारा हात मागे ओढूही शकतो. पण यातून निघतं ते इतकंच की हात एकच नसावा. भाव्यांची पंचाईत राजानं पैसे दिले म्हणून झाली नाही, राजा एकच होता म्हणून झाली.

दुसरे हात होते आणि आहेतही. पुण्याच्या थिएटर अकादमीनं १९८५ ते १९९४ या काळात नाटककारांसाठी आणि गावोगावच्या नाट्यगटांसाठी योजना चालवल्या, त्यांना फोर्ड फाउंडेशनचं साहाय्य होतं. बंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स १९९३ मध्ये स्थापन झालं, ते संशोधनाला आणि नव्या निर्मितीला अनुदान देतं. पण या हातांना आपण बांधत चाललो आहोत. परदेशी निधीच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली. मोठ्या संस्थेनं निधी आणून तालुक्याच्या छोट्या गटाला द्यायचा, ही वाटच तिनं बंद केली. शिवाय प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आणली. कलासंस्थेत प्रशासकीय खर्च म्हणजे कोण? हिशेब लिहिणारा, अर्ज भरणारा, किल्ली सांभाळणारा. तो गेला की संस्था लेटरहेडवर उरते.

कंपन्यांचा पैसाही तसाच. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांवर सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक खर्चाची जबाबदारी टाकली. यादीत कला आहे, पण कशी? वारसा, जुन्या वास्तू, पारंपरिक कला, हस्तव्यवसाय. चौकटीत बसणाऱ्या जुन्याला पैसे द्यायला कुणी कचरत नाही; उद्या पहिल्यांदा घडणार आहे त्याला रकाना सापडत नाही.

राज्याची वृत्ती वेगळी नाही. वृद्ध कलावंतांना महिना ५००० रुपये मानधन मिळतं, ते मिळायलाच हवं. पण त्यासाठी पन्नाशी ओलांडावी लागते. पंचविशीतल्या कलावंतानं तोवर काय करायचं? एक चांगला अपवाद आपल्याच घरात आहे. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिलंच पुस्तक लिहिणाऱ्याला छपाईसाठी पैसे देते. विक्रीचा इतिहास विचारत नाही, कारण तो असूच शकत नाही. हीच सोय नव्या दिग्दर्शकाला, चित्रकाराला, नर्तकीला करता येईल: वर्षभराचं तालमीच्या जागेचं भाडं, विजेचं बिल, एका माणसाचा पगार. आणि त्या अर्जात ‘यापूर्वी केलेल्या प्रयोगांची संख्या’ असा रकाना कुणी घातलाच, तर छापायला देण्यापूर्वी तो खोडावा.