डीनीने घेतलेलं तिसरं आडनाव

नेडेनिया हटन हे नाव सांगितलं की १९४०च्या न्यूयॉर्कमध्ये कुठलंही दार उघडलं असतं. वडील एडवर्ड हटन हे बड्या दलाली पेढीचे संस्थापक. आई मार्जोरी मेरीवेदर पोस्ट ही अमेरिकेतल्या सर्वांत श्रीमंत बायकांपैकी एक. पण नाटकात काम करायचं ठरल्यावर या मुलीने आईचं आडनाव घेतलं नाही आणि वडिलांचंही ठेवलं नाही. तिने डिना मेरिल हे नाव घेतलं. त्यातलं मेरिल आलं चार्ल्स मेरिल या दुसऱ्याच एका नामांकित शेअर दलालावरून. माणूस वडिलांच्याच व्यवसायातला होता, पण घरातला नव्हता. मला तिच्यात पहिल्यांदा रस वाटला तो या निवडीमुळे.

ज्या घरातून ती निघाली, ते घर कसलं होतं हे आधी सांगायला हवं. आजोबा सी. डब्ल्यू. पोस्ट आजारी अवस्थेत मिशिगनमधल्या बॅटल क्रीकला आले आणि केलॉगच्या प्रसिद्ध आरोग्यधामात राहिले. पुढे तिथेच त्यांनी १८९५मध्ये ‘पोस्टम’ काढलं. भाजलेल्या धान्याचं, कॉफीऐवजी प्यायचं हे पेय. पाठोपाठ ‘ग्रेप-नट्स’ हे न्याहारीचं धान्य आलं. १९१४मध्ये ते गेले तेव्हा हा सगळा कारभार सत्तावीस वर्षांच्या एकुलत्या मुलीकडे, म्हणजे मार्जोरीकडे आला. हटनशी लग्न झाल्यावर कंपनी वाढत गेली, गोठवलेल्या अन्नाचा बर्ड्झआयचा उद्योगही तिने विकत घेतला आणि १९२९पासून ती ‘जनरल फूड्स’ म्हणून ओळखली जाऊ लागली.

नेडेनिया जन्मली २९ डिसेंबर १९२३ला. घरी सगळे तिला डीनी म्हणत. ती तीन-चार वर्षांची असताना फ्लोरिडातल्या पाम बीचवर आईने मार-ए-लागो बांधून पूर्ण केलं. शंभराहून अधिक खोल्यांच्या या वाड्यात डीनीसाठी परीकथांच्या सजावटीचं वेगळं दालन होतं. १९३१मध्ये जर्मनीतल्या कील बंदरात बांधलेली चार डोलकाठ्यांची खासगी नौका आली. आज ती ‘सी क्लाउड’ या नावाने पर्यटकांना घेऊन फिरते. त्याच वर्षांत अमेरिकेत मंदीने हाहाकार माजवला होता, आणि मार्जोरी न्यूयॉर्कमध्ये भुकेल्यांसाठी मोफत जेवणाचं केंद्र चालवत होती. मुलीने आईची ही दोन्ही रूपं पाहिली.

वॉशिंग्टनच्या विद्यापीठात थोडा काळ काढून डीनीने शिक्षण सोडलं आणि न्यूयॉर्कच्या अमेरिकन अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट्समध्ये नाव घातलं. १९४५मध्ये जॉन व्हॅन ड्रूटन यांच्या ‘द मर्मेड्स सिंगिंग’ या नाटकातून ब्रॉडवेवर पाऊल ठेवलं. पुढच्याच वर्षी लग्न झालं, तेही टूथपेस्ट-साबणाच्या कोलगेट घराण्यातल्या वारसाशी. मग तीन मुलं, आणि जवळपास दहा वर्षं काम थांबलं.

तिला भाड्याची चिंता नव्हती, नकार मिळाला म्हणून चूल अडणार नव्हती, हे उघडच आहे. तिच्याबरोबर शिकलेल्या कितीतरी मुली हॉटेलात थाळ्या उचलून तालमीला जात असणार. हा फरक लहान नाही, आणि तो विसरून तिचं कौतुक करणं मला पटत नाही. तरीही एक गोष्ट तिच्या बाजूने मांडायची आहे. श्रीमंत घरातल्या मुलीने धर्मादाय कार्यक्रमात हौसेने काम केलं तर सगळे टाळ्या वाजवत. पण व्यवसाय म्हणून नट व्हायचं तर अनोळखी दिग्दर्शकासमोर उभं राहून चार ओळी वाचाव्या लागतात, आणि ‘पुरे, या तुम्ही’ हेही ऐकून घ्यावं लागतं. ज्या मुलीला जन्मात कुणी नाही म्हटलं नव्हतं, ती अशा ठिकाणी आपल्या पायांनी गेली.

वर्तमानपत्रांना वारसदार मुलींची एकच कहाणी आवडायची, आणि ती तिच्या घरातच होती. वूलवर्थच्या दुकानांची वारस बार्बरा हटन ही डीनीची सख्खी चुलत बहीण. सात लग्नं, सात मोडलेले संसार, आणि त्यावर वर्षानुवर्षं चाललेले मथळे. बार्बराचा एक नवरा होता केरी ग्रँट. त्याच केरी ग्रँटबरोबर डिनाने १९५९मध्ये ‘ऑपरेशन पेटिकोट’ केला. पडद्यावर ती होती लष्करातली परिचारिका.

पण सिनेमावाल्यांनी लवकरच तिला तिच्या घरी परत पाठवलं. ‘बटरफील्ड एट’मध्ये श्रीमंत घरातली, नवऱ्याकडून फसवली गेलेली बायको, ‘द सनडाउनर्स’मध्ये बड्या ऑस्ट्रेलियन जमीनदाराची बायको. ग्रेस केली मोनॅकोची प्रिन्सेस झाल्यावर हॉलिवूडला नवी ग्रेस केली हवी होती, आणि गोऱ्यापान, ताठ मानेच्या डिनाकडे ते पद चालून आलं. ज्या नटीने आडनाव बदलून स्वतःला वेगळं केलं, तिला भूमिका मिळत राहिल्या त्या तिच्या जुन्या नावाला शोभणाऱ्या. या बाबतीत तिच्यावर अन्याय झाला असं माझं स्पष्ट मत आहे. पैशाने तिला उमेदवारीचा काळ सोसायला मदत केली खरी, पण त्याच पैशाने तिची कल्पना करण्याची इतरांची ताकद काढून घेतली.

म्हणून १९७५मधलं ‘एंजल स्ट्रीट’ मला महत्त्वाचं वाटतं. पॅट्रिक हॅमिल्टन यांचं हे नाटक जुन्या लंडनमध्ये घडतं. नवरा पद्धतशीरपणे बायकोला पटवत जातो की तुझं डोकं फिरत चाललंय. वस्तू लपवतो आणि तूच हरवल्यास म्हणतो. तो त्या घरात रात्री चोरून शोधत असतो, खून करूनही हाती न लागलेली माणकं. डिना तेव्हा एक्कावन्न वर्षांची होती. दोनच वर्षांपूर्वी, १९७३मध्ये, आई गेली होती आणि त्याच वर्षी एक तरुण मुलगा बोटीच्या अपघातात गेला होता. अशा बाईने आपल्याच मनावरचा विश्वास ढासळत चाललेल्या मिसेस मॅनिंगहॅमची भूमिका घ्यावी, तीही ब्रॉडवेवर, रोज नव्या प्रेक्षकांसमोर! ताठ मानेची प्रतिमा इथे उपयोगाची नव्हती. ती मोडल्याशिवाय ही भूमिका उभीच राहत नाही. नाटक दीड-दोन महिनेच चाललं.

त्यानंतर १९८३मध्ये ‘ऑन युअर टोज’ हे संगीतक पुन्हा रंगभूमीवर आलं. दिग्दर्शक जॉर्ज ॲबट तेव्हा पंचाण्णव वर्षांचे, बॅले नर्तिका नताल्या माकारोव्हा प्रमुख भूमिकेत, आणि डिनाकडे रशियन बॅले मंडळाला पैसा पुरवणारी धनिक बाई. पुन्हा धनिक बाईच! पण हे पाचशेहून जास्त प्रयोग चाललेलं खेळकर नाटक होतं, आणि साठीच्या उंबरठ्यावर ब्रॉडवेवर आठवड्याला आठ प्रयोगांचं वेळापत्रक हौशी माणूस पत्करत नाही.

तिच्या उत्तरायुष्यातलं सगळंच मला आवडतं असं नाही. लेहमन ब्रदर्सच्या संचालक मंडळावर ती २००६पर्यंत होती, अधिकाऱ्यांचे पगार ठरवणाऱ्या समितीतही होती. दोन वर्षांनी ती पेढी बुडाली तेव्हा नटीला तिथे बसवलं कशाला, असा सवाल झाला. तो योग्यच होता. तिसऱ्या नवऱ्याबरोबर तिने ‘आरकेओ’ ही जुनी चित्रसंस्था चालवली. मार-ए-लागो आईने सरकारला देऊन टाकलं होतं. सरकारने ते परत केलं आणि १९८५मध्ये ते डोनाल्ड ट्रम्प यांनी विकत घेतलं. २२ मे २०१७ला डिना गेली, त्र्याण्णव वर्षांची होऊन.

‘एंजल स्ट्रीट’चे ते प्रयोग आता आपल्याला बघता येणार नाहीत. पण तिचा पहिला सिनेमा, १९५७चा ‘डेस्क सेट’, जरूर बघा. एका दूरचित्रवाणी कंपनीच्या संदर्भ विभागात चार बायका दिवसभर फोनवर लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. मग तिथे एक अवाढव्य संगणक येतो आणि आपली नोकरी जाणार या धास्तीने सगळ्या हवालदिल होतात. कॅथरीन हेपबर्न आणि स्पेन्सर ट्रेसी समोर असताना दुसरीकडे नजर जाणं कठीण. तरी सिल्व्हिया नावाच्या मुलीकडे लक्ष ठेवा. कामावरून काढल्याच्या गुलाबी चिठ्ठ्या येतात तेव्हा ती या पगारदार बायकांपैकीच एक असते, आणि पोस्ट घराण्याचा, हटन पेढीचा मागमूसही तिच्यात दिसत नाही.