मोटार, माती आणि मालकी

धान कापून झाले आहे, बांध्या उघड्या पडल्या आहेत, आणि मळणीच्या दिवसांत मुलचेऱ्याच्या रस्त्यांवर जी पिवळसर धूळ संध्याकाळभर तरंगत राहते ती अद्याप खाली बसलेली नाही, अशा एका सायंकाळी आमच्या शेजारच्या बंगाली कुटुंबातील मुलगा माझ्या ओट्यावर येऊन बसला आणि त्याने मला एक असा प्रश्न केला की, दळणवळणाविषयी इतकी वर्षे या स्तंभातून लिहीत आलो असूनही त्याचे उत्तर मला तत्काळ देता आले नाही. तो खाणकामातील अभियंता आहे. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे त्याला नोकरी मिळाली असून कायम वास्तव्याचा परवानाही हाती आला आहे. पत्नी आणि लहान मुलगी यांच्यासह तो उन्हाळ्यापूर्वी निघणार आहे. त्याने विचारले, "काका, आपली गाडी बरोबर नेता येईल का?"

काका हा शब्द बंगालीतही तोच आणि मराठीतही तोच, म्हणून आमच्या तालुक्यात तो कोणत्या भाषेतून उच्चारला गेला हे सहसा कळत नाही. प्रश्न मात्र मला नीट कळला. १९६४ नंतर पूर्व पाकिस्तानातून निघालेली जी कुटुंबे रायपूरजवळच्या माना छावणीतून पुढे तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात आणून वसविण्यात आली, त्यांपैकीच हे एक घर. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. ही माणसे त्याच्या आधीच येथील जंगलाच्या कडेला धान लावू लागली होती. या मुलाची ठाकुमा, म्हणजे आजी, एक पितळी घडा आणि दोन गाठोडी एवढ्यानिशी आली, हे तिच्या तोंडून मी अनेकदा ऐकले आहे. ज्या घराने एकदा सर्वस्व मागे टाकून सीमा ओलांडली त्या घराला मागे टाकण्याचे भय इतरांहून अधिक असते, आणि सात वर्षांपूर्वी स्वतःच्या कमाईतून कर्ज काढून घेतलेल्या त्या पांढऱ्या छोट्या मोटारीविषयी बोलताना त्या मुलाच्या स्वरात ते भय मला स्पष्ट ऐकू आले. म्हणून केवळ हौस समजून हा विषय उडवून न लावता मी आठ दिवस कागदपत्रे वाचली. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडतो.

ऑस्ट्रेलियात वाहने आपल्याप्रमाणेच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात आणि सुकाणू उजवीकडे असते, त्यामुळे त्याचा प्रश्न मुळातच अशक्य कोटीतील नव्हता. आखाती देशांत उजव्या सुकाणूची गाडी हाच मोठा अडथळा ठरतो. अमेरिकेत पंचवीस वर्षांहून कमी वयाची मोटार तेथील सुरक्षा-मानकांनुसार बनलेली नसेल तर तिला कायमचा प्रवेश जवळजवळ बंदच. ब्रिटनमध्ये वास्तव्य हलविणाऱ्यास करमाफी मिळते, परंतु गाडी किमान सहा महिने आपल्या मालकीची व वापरातील असावी लागते आणि आपण स्वतः निदान वर्षभर ब्रिटनबाहेर राहिलेले असावे लागते. ऑस्ट्रेलियाचा २०१८ चा मार्गवाहन-मानकांचा कायदा १ जुलै २०२१ पासून पूर्ण अंमलात आला असून त्यान्वये स्थलांतरितास आपली खाजगी मोटार आणण्याची सवलत आहे. मात्र ती त्याने परदेशात सलग बारा महिने बाळगलेली आणि वापरलेली असली पाहिजे, मागील पाच वर्षांत त्याने ही सवलत दुसऱ्या गाडीसाठी घेतलेली नसली पाहिजे, आणि आयातीची मंजुरी गाडी जहाजावर चढण्यापूर्वी हातात असली पाहिजे. ही शेवटची अट मी अधोरेखित करतो, कारण मंजुरी येण्याच्या आधी अनामत रक्कम मागणारा मध्यस्थ कोणाच्याही दारात उभा राहू शकतो, आणि मंजुरीवाचून तेथील बंदरात उतरलेल्या गाडीला पुढे भोगावी लागणारी गोदामभाड्याची व परत पाठवणीची तसदी सर्वस्वी मालकाच्या माथी येते.

येथपर्यंतचे सारे कचेरीतील कागदांचे काम आहे, आणि आमच्याकडील सुशिक्षित तरुण ते निभावून नेऊ शकतो. मी थांबलो तो पुढच्या प्रकरणाशी, आणि ते प्रकरण मातीचे आहे. परक्या भूमीतील कीड, बीज आणि रोग आपल्या शेतीत शिरू नयेत यासाठी ऑस्ट्रेलियाने जो कडक पहारा ठेवला आहे त्यात बाहेरून येणाऱ्या वाहनाच्या चाकांच्या कमानीत, तळाच्या पत्र्यांच्या सांध्यांत, हवा गाळणाऱ्या जाळीत, बैठकींच्या फटींत कोठेही मातीचा लपका, गवताचे बी, वाळलेले पान किंवा किड्याचे कोश राहता कामा नये असा दंडक आहे. आढळल्यास गाडी धुऊन घेण्याचा वा धूमन करण्याचा खर्च मालकाचा, आणि शुद्ध करता न आल्यास तिला बाहेर घालविण्याचा अथवा नष्ट करण्याचा हुकूमही होऊ शकतो. त्यातही तेथील शेतकऱ्याला ज्या किडीची विशेष धास्ती वाटते ती आपल्याच उपखंडातली आहे: खपरा भुंगेरा. एखाद्या तिळाएवढा हा किडा साठवणीच्या धान्याचा शत्रू असून अन्नावाचून फटीत दीर्घकाळ जिवंत राहू शकतो. जहाजाच्या बंद पेटाऱ्यांतून तो पसरू नये म्हणून भारतासारख्या देशांतून येणाऱ्या पेटाऱ्यांसाठी ऑस्ट्रेलियाने अलीकडच्या वर्षांत स्वतंत्र बंधने घातली आहेत.

आता या मोटारीचा इतिहास पाहावा. तिच्या मागल्या कप्प्यातून धानाची पोती गिरणीवर गेली आहेत. उन्हाळ्यात मोहफुलांच्या टोपल्या तिच्यात ठेवल्या गेल्या आहेत. पावसाळ्यात लगामच्या बाजूने आष्टीकडे जाताना आणि पुढे वैनगंगेच्या पुलावरून गोंडपिपरीकडे उतरताना या भागातील चिखल तिच्या हाडामांसात शिरला आहे. धुण्याने तो निघेल, हे खरे. परंतु गाडीतली चटई उचलून तिच्याखालचा भुसा, बैठकींच्या रुळांत अडकलेला दाणा, दरवाजाच्या पोकळीत वाळलेले सागाचे पान हे सारे चिमट्याने काढीत बसलेल्या त्या मुलाचे चित्र माझ्या डोळ्यांपुढे आले तेव्हा मला वाटले की, जी गाडी तो नेऊ इच्छितो ती नेण्यायोग्य होईपर्यंत तिच्यातील मुलचेरा पुरता काढून टाकावा लागणार आहे. त्यापुढे आणखी एक बारकावा आहे. ३१ डिसेंबर २००३ पासून ऑस्ट्रेलियात ॲस्बेस्टॉसला संपूर्ण बंदी असून तेथे वाहनाच्या ब्रेकच्या अस्तरात किंवा इंजिनाच्या गॅस्केटमध्ये तो नाही याची खातरी सीमेवर मागितली जाते. आपल्याकडे आडगावच्या दुकानातून वेळोवेळी बदललेल्या सुट्या भागांविषयी अशी खातरी कोण देणार?

समुद्रप्रवासाविषयी थोडक्यात सांगतो. मुलचेऱ्याहून मुंबई सुमारे हजार किलोमीटर; नागपूरपुढे समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर जून २०२५ पासून अखंड खुले झाले आहेत, तेव्हा बंदरापर्यंतची वाट पूर्वीइतकी कष्टाची राहिली नाही. तेथून एक तर गाडी वीस फुटी पेटाऱ्यात बंद करून जाते, नाही तर वाहने उतरणीवरून थेट आत चालवून नेणाऱ्या जहाजावर चढते. टाकीत नाममात्र इंधन ठेवावे लागते. विमा उतरविल्यावाचून कोणीही हे धाडस करू नये. फेब्रुवारी २०२२ मध्ये ॲझोर्स बेटांजवळ 'फेलिसिटी एस' या जहाजाला आग लागली आणि सुमारे चार हजार मोटारींसह ते मार्चच्या पहिल्या दिवशी अटलांटिकच्या तळाशी गेले. जहाज वाचविण्यासाठी काही माल समुद्रात टाकावा लागला तर ते नुकसान सुरक्षित पोहोचलेल्या मालाच्या धन्यांनीही प्रमाणशीर सोसावे, असा सागरी व्यापाराचा प्राचीन नियम आजही चालू आहे, हेही गाडी पाठविणाऱ्याने जाणून असावे.

परकीयांच्या या अटी ऐकून कोणाला त्या जाचक वाटतील, पण आपला देश या बाबतीत अधिक उदार नाही. वापरलेली मोटार भारतात आणावयाची तर ती तीन वर्षांहून जुनी नसावी, सुकाणू उजवीकडे असावे, वेगमापक किलोमीटरचा असावा, आणि ती केवळ मुंबई बंदरातूनच उतरावी असा आपला दंडक असून, जकात तर कित्येकदा गाडीच्या मोलाहून अधिक होते. सचिन तेंडुलकरांना २००२ मध्ये भेट मिळालेल्या फेरारीवरील १ कोटी १३ लाख रुपयांची जकात सरकारने माफ केली तेव्हा केवढा वाद माजला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि अखेर ती रक्कम भेट देणाऱ्या फियाट कंपनीने भरली, हे वाचकांच्या स्मरणात असेल. लोकांचा तो आक्षेप मला तेव्हाही रास्त वाटला होता. जकातीचा नियम सर्वांना सारखा असल्यावाचून त्याला नियम म्हणता येत नाही.

मालकी आणि वाहतूक हे दोन निराळे हक्क आहेत, ही गोष्ट गडचिरोलीच्या माणसाला कोणी शिकवावी लागत नाही. आलापल्लीच्या सागाचा ओंडका हातोड्याच्या ठशाशिवाय आणि वाहतूक परवान्याशिवाय आगाराबाहेर पडत नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला आपल्या वनावरील सामूहिक हक्क २००९ मध्ये मान्य झाला, बांबू गावाचा ठरला, आणि तरीही वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती नसल्यामुळे तो बांबू गावाबाहेर जाईना. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत ते पुस्तक ग्रामनेते देवाजी तोफा यांच्या या गावाला मिळाले तेव्हा त्या मालकीला अर्थ आला. मी हे उदाहरण त्या मुलाला सांगितले, आणि ते त्याला नियमावलीच्या चार पानांहून लवकर पटले.

परंतु मला या लेखात जे मुख्यतः सांगावयाचे आहे ते नेण्याविषयी नसून ठेवून जाण्याविषयी आहे. या तालुक्यात मोटार ही एकट्याची वस्तू क्वचितच असते. रात्री कोणाला सर्पदंश झाला, एखाद्या बाळंतिणीला अहेरीच्या रुग्णालयात पोहोचवावयाचे असले, तर वस्तीतील ज्याच्या दारात चाके आहेत त्याचे दार ठोठावले जाते. आणि या पांढऱ्या मोटारीचे दार गेल्या सात वर्षांत किती वेळा ठोठावले गेले ते मी समोरच राहत असल्यामुळे मला ठाऊक आहे. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, ही गाडी येथेच राहावी. पण ती येथे राहण्याची आपल्याकडे जी रीत पडली आहे, म्हणजे किल्ली भावाच्या किंवा चुलत्याच्या हाती देऊन विमानात बसावयाचे आणि कागद आपल्याच नावावर पेटीत राहू द्यावयाचे, ती रीत मला अत्यंत घातक वाटते.

सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात दिलेला निर्णय परदेशी निघालेल्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावा. गाडी विकली गेली होती, एकाकडून दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेली होती, ताबा मूळ मालकाकडे कधीचाच उरला नव्हता. तथापि नोंदवहीत नाव त्याचेच होते, आणि अपघाताच्या नुकसानभरपाईसाठी न्यायालयाने नोंदीतील त्या मालकालाच जबाबदार धरले. म्हणजे पर्थमधील घरात झोपलेल्या माणसाच्या नावावर आष्टीच्या वळणावरील अपघाताचा दावा उभा राहू शकतो. आणि विम्याची मुदत त्या अवधीत टळून गेली असेल तर भरपाईचा सारा बोजा त्या एका नावावर पडतो, आणि ज्याला खरोखर भरपाई हवी असते त्या जखमी माणसाला सात समुद्रांपलीकडच्या प्रतिवादीचा पाठलाग करीत बसावे लागते. मला या दोघांपैकी अधिक काळजी त्या जखमीची वाटते.

मोटार वाहन अधिनियमाच्या ५० व्या कलमान्वये राज्यातल्या राज्यात हस्तांतर झाल्यास देणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत ते कळवावयाचे असते. त्यासाठी नमुना क्रमांक २९ व ३० लागतात. गाडीवर कर्ज असेल तर बँकेच्या दाखल्यासह नमुना ३५ लागतो. विमापत्रही त्याच वेळी नव्या नावावर करून घ्यावयाचे असते. एवढेच काम, परंतु ते निघण्याच्या घाईत शेवटच्या आठवड्यावर ढकलले जाते आणि मग राहून जाते. नोकरीसाठी बाहेर जाणाऱ्या तरुणांची संख्या आता आमच्याकडेही वाढू लागली आहे. तेव्हा परिवहन खात्याने मुलचेऱ्यास ठराविक वारी, आगाऊ जाहीर करून, हस्तांतराचे शिबीर भरवावे, आणि या तीन नमुन्यांची माहिती मराठीबरोबर बंगाली व गोंडी भाषांतही प्रत्येक ग्रामपंचायतीत लावावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर गाडी करण्यासाठी एका माणसाची दोन दिवसांची मजुरी आणि गडचिरोलीच्या खेपा खर्ची पडू नयेत.

हे सर्व मी त्या मुलाला दोन बैठकींत सांगितले. पहिल्या दिवशी तो काही न बोलता उठून गेला. दुसऱ्या दिवशी आला तो वडिलांना घेऊन, आणि त्याने मला एवढेच विचारले की, नाव बदलले तरी गाडीचा क्रमांक तोच राहील ना. राहील, असे मी सांगितले. राज्यातच हस्तांतर होत असल्याने एमएच ३३ चा तो क्रमांक बदलण्याचे कारण नाही. येत्या बुधवारी बाप-लेक गडचिरोलीला निघत आहेत. २९ आणि ३० क्रमांकांचे नमुने भरून मी त्यांच्या हवाली केले आहेत. कर्जफेडीचा बँकेचा दाखला मात्र अजून यावयाचा आहे.

— पथिक