दार नसलेले दुकान

१९९० च्या दशकात आमच्या या पट्ट्यात व्हिडिओ गेमची दुकाने निघाली, तेव्हा वडीलधाऱ्यांनी बरीच ओरड केली होती. मुले शाळा बुडवतात, घरातले सुटे पैसे नाहीसे होतात, ही तक्रार खोटी नव्हती. परंतु त्या दुकानाला दार होते. खिशातली नाणी संपत, रात्री शटर खाली येई आणि मूल घरी परते. आज ते दुकान मुलाच्या उशाशी आहे. त्याला दार नाही, वेळ नाही आणि आत जाण्यास नाणेही लागत नाही. ते घरात आणले कोणी? आम्हीच. म्हणून हे आरोपपत्र मुलांवर नाही, आम्हा पालकांवर आहे.

"खेळच तर आहे, मोठी झाली की सुटेल," असे म्हणणारे सज्जन चर्चच्या आवारात नेहमी भेटतात. त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. खेळ हे पाप नव्हे. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी ज्यांना संत म्हणून घोषित केले, ते कार्लो अकुतिस प्लेस्टेशनवर खेळत असत. २००६ साली, अवघ्या पंधराव्या वर्षी देवाघरी गेलेल्या या मुलाने खेळासाठी स्वतःला एका तासाची मर्यादा घालून घेतली होती. दिवसाला नव्हे, आठवड्याला एक तास!

मर्यादा सुटली की काय होते, हे आता वैद्यकशास्त्रही सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर'ची नोंद असून ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्यातली कसोटी तासांची नाही. खेळावरचा ताबा सुटणे, झोप, अभ्यास व माणसे यांपुढे खेळ जाणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणे, ही लक्षणे साधारणतः बारा महिने टिकली तर तो विकार ठरतो. खेळणारे प्रत्येक मूल रोगी नाही. परंतु जेवायला हाक मारली असता जे मूल अंगावर धावून येते, त्याला केवळ 'वांड' म्हणून भागणार नाही.

ते मूल असे का वागते? पब्जीसारख्या खेळात शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात. तो डाव मध्येच थांबवता येत नाही. उठले तर साथीदार तोंडघशी पडतात आणि क्रमांक घसरतो. बक्षीस केव्हा मिळेल हे ठाऊक नसले की प्राणी अधिकच हट्टाने प्रयत्न करीत राहतो, हे बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवरील प्रयोगांतून कधीच दाखवून दिले होते. अशा खेळांतल्या बंद पेट्या त्याच तत्त्वावर उघडतात. एका बाजूला असे मुरलेले व्यापारी आणि दुसऱ्या बाजूला बारा वर्षांचे पोर! ही झुंज बरोबरीची नव्हे.

"मग सरकारने बंदी घालावी," असे काहीजण म्हणतात. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पब्जीसह ११८ ॲपवर बंदी घातली, तेव्हा आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. पण ती बंदी देशाच्या सुरक्षिततेसाठी होती, आमच्या मुलांच्या झोपेसाठी नव्हे. जुलै २०२१ मध्ये जवळजवळ तोच खेळ बीजीएमआय या नावाने परतला. ऑगस्ट २०२५ चा कायदा पैसे लावून खेळण्यास मनाई करतो, ते योग्यच आहे. पण पैसे न लावता रात्रभर जागणाऱ्या मुलाला तो हात लावीत नाही. दिल्लीचा कायदा आमच्या माजघरात येऊन दिवा मालवणार नाही.

खरा प्रश्न रिकाम्या वेळेचा आहे. बदलापूर ते मुंबई हे अंतर सुमारे ६८ किलोमीटर. अंबरनाथ आणि उल्हासनगर थोडे अलीकडे, इतकेच. सकाळी लोकल गाठणारे आईबाप रात्री थकून परततात. शाळा सुटल्यापासून तोपर्यंत मुलाचा सोबती कोण? मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा अभ्यासासाठी म्हणून पोटाला चिमटा घेऊन फोन घेतले. शाळा उघडल्या, फोन मुलाकडेच राहिला. आणि आम्ही घरी आल्यावर काय करतो? आमच्याही हातात फोनच! जेवणाच्या टेबलावरच्या या दुराव्याकडे पोप फ्रान्सिस यांनी २०१६ सालच्या 'अमोरिस लेतित्सिया'मध्ये बोट दाखविले होते. आम्ही ते वाचले असेल, पण मनावर घेतले नाही.

तेव्हा फोन हिसकावून आपटण्याचा पराक्रम नको. डाव किती वेळाचा हे मुलाला विचारावे, वेळ त्याच्याशी बोलून ठरवावी आणि ठरल्यावर ढळू नये. रात्री घरातले सर्व फोन एका जागी ठेवावेत, बापाचा सर्वांत आधी. ताबा पुरता सुटला असेल तर लाज न बाळगता मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत २०१४ पासून यासाठी स्वतंत्र क्लिनिक आहे.

आमच्या धर्मग्रामांनीही काही द्यावे. संध्याकाळी पाच ते सात चर्चचे आवार आणि सभागृह मुलांना खुले का नसावे? एक कॅरम, एक फुटबॉल आणि ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले दोन आजोबा लक्ष ठेवायला, एवढे भांडवल पुरे. मैदानाऐवजी वाहनतळ आणि आईबापांऐवजी फोन देऊन मुले बिघडली म्हणून गळा काढण्याचा हक्क आम्हांस नाही. येत्या रविवारी मिस्सेनंतर धर्मगुरूंपुढे हा विषय आम्ही मांडणार आहोत. वाचकहो, आपणही मांडा.