बाह्य परीक्षकाचे मत कोणी विचारत नाही

बंगळुरूच्या पश्चिमेला नागरभावी येथे राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेचे, म्हणजे ‘नॅक’चे मुख्यालय आहे. तेथून जवळच बंगळुरू विद्यापीठाचा ज्ञानभारती परिसर सुरू होतो. २०२५ च्या फेब्रुवारीत केंद्रीय अन्वेषण विभागाने नॅकच्या एका तपासणी समितीचे अध्यक्ष आणि काही सदस्य यांना अटक केली, तेव्हा या परिसरातील प्राध्यापकवर्गात दुसरा विषय नव्हता. आंध्र प्रदेशातील एका अभिमत विद्यापीठाला वरची श्रेणी मिळावी म्हणून लाच घेतल्याचा तो आरोप आहे. त्याचा निवाडा न्यायालय करील. मात्र हे आभाळातून अचानक कोसळलेले संकट नव्हते. दोन वर्षे आधी, मार्च २०२३ मध्ये, नॅकच्या कार्यकारी समितीचे तत्कालीन अध्यक्ष पुण्याचे डॉ. भूषण पटवर्धन यांनी मूल्यांकन प्रक्रियेतील गैरप्रकारांविषयी शंका उघडपणे मांडून पद सोडले होते.

अटकेनंतर नॅकने आपल्या यादीतील शेकडो मूल्यांकनकर्त्यांना वगळले आणि समित्यांच्या प्रत्यक्ष भेटी कमी करण्याचा मार्ग धरला. पाहुणा लाच घेतो, म्हणून पाहुण्याला घरीच बोलवायचे नाही, असा हा उपाय. तो पुरेसा आहे का, हा वाद चालू राहील. मला मात्र या निमित्ताने दुसऱ्या एका पाहुण्याविषयी लिहायचे आहे. त्याच्यावर छापे पडत नाहीत, त्याच्या बातम्या होत नाहीत आणि विद्यापीठाच्या पदवीची पत प्रत्यक्षात त्याच्याच हाती असते. तो म्हणजे बाह्य परीक्षक.

विद्यापीठांच्या मूल्यांकनासाठी गेली काही वर्षे वापरात असलेल्या चौकटीत नॅक परीक्षांविषयी काय विचारते, ते पाहण्यासारखे आहे. शेवटच्या पेपरानंतर निकाल किती दिवसांत लागला? परीक्षेला बसलेल्यांपैकी किती टक्के विद्यार्थ्यांनी मूल्यमापनाबद्दल तक्रार केली? परीक्षा विभागाचे संगणकीकरण कितपत झाले? हे प्रश्न निरर्थक नाहीत. पण निकाल वेळेत लावायचा आणि तक्रारी येऊ द्यायच्या नाहीत, यासाठी सर्वांत सोपा मार्ग कोणता, हे कोणत्याही अनुभवी परीक्षा नियंत्रकाला सांगावे लागत नाही. सढळ हाताने गुण दिले की पुनर्मूल्यांकनाचे अर्ज आपोआप घटतात. साठ गुण मिळालेल्या उत्तरपत्रिकेची लायकी खरोखर साठ गुणांची होती का, हे नॅकच्या तक्त्यात कोणत्याही रकान्यात येत नाही.

हा प्रश्न विचारण्यासाठीच बाह्य परीक्षक जन्माला आला. इंग्लंडमध्ये १८३२ साली डरहॅम विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा नव्या पदवीवर कोण विश्वास ठेवणार, म्हणून ऑक्सफर्डमधून परीक्षक बोलावण्यात आले. आपल्या पदवीची बरोबरी जुन्या विद्यापीठाशी आहे, याची ती साक्ष होती. हिंदुस्थानात मात्र ही कल्पना आली ती अतिरेकी रूपात. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे जी विद्यापीठे उभी राहिली, ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. त्यांनी शिकवायचे नाही, केवळ परीक्षा घ्यायच्या. रानडे आणि भांडारकर मुंबई विद्यापीठाच्या १८६२ च्या पहिल्या पदवीधरांतले. ते शिकले एल्फिन्स्टनमध्ये, पण पदवी दिली ती परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठाने. बंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजचे विद्यार्थीही मद्रास विद्यापीठाच्याच परीक्षांना बसत. १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ निघाले, त्यामागे आपला अभ्यासक्रम आणि आपल्या परीक्षा आपल्या हाती असाव्यात ही इच्छा मोठी होती.

ती इच्छा रास्तच होती. परीक्षेने शिक्षणाचा गळा आवळला आहे, हे सॅडलर आयोगापासून राधाकृष्णन आयोगापर्यंत सर्वांनी सांगितले. राधाकृष्णन आयोगाच्या मते तर एकच सुधारणा सुचवायची झाली, तर ती परीक्षांची असायला हवी होती. त्यातून अंतर्गत मूल्यमापन आले, सत्रपद्धती आली, कोठारी आयोगाच्या शिफारशीतून स्वायत्त महाविद्यालये आली. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला यात एक गंमत दिसते. आपण पूर्ण परकेपणापासून निघालो आणि जवळजवळ पूर्ण घरगुतीपणाकडे आलो; वाटेत डरहॅमचे ठाणे लागले होते, तेथे मात्र उतरलो नाही.

आज बाह्य परीक्षक प्रत्यक्षात काय करतो? सेवेत असताना एका विद्यापीठाच्या प्रात्यक्षिक परीक्षांविषयी आलेल्या तक्रारींची चौकशी माझ्याकडे आली होती. मी नेमणुकांच्या यादीपेक्षा प्रवासभत्त्याची बिले आधी मागवली. प्रशासनात सत्य बहुधा बिलांत सापडते. त्यांतून दिसले ते असे. एका महाविद्यालयातील प्राध्यापक दुसरीकडे बाह्य परीक्षक म्हणून जात आणि त्याच आठवड्यात तेथील प्राध्यापक पहिल्याकडे येत. वर्षानुवर्षे हीच जोडी. ज्या विद्यार्थ्यांना लेखी परीक्षेत जेमतेम उत्तीर्णतेपुरते गुण होते, त्यांना प्रात्यक्षिकात जवळपास पैकीच्या पैकी. पैसे हातोहात गेल्याचा पुरावा मला मिळाला नाही आणि बहुतेक प्रकरणांत तसे घडलेही नसावे. जेवण झाले होते, शाल-श्रीफळ झाले होते आणि परस्परांच्या मुलांना सांभाळून घेण्याचा अलिखित करार झाला होता. लाचेपेक्षा हा सौजन्याचा व्यवहार मोडणे कठीण, कारण त्यात कोणालाच आपण गुन्हा करतो आहोत असे वाटत नाही.

त्या सबंध दप्तरात एकाही बाह्य परीक्षकाचा अभिप्राय नव्हता. तो कोणी मागितलाच नव्हता. गुणतक्ता भरायचा, सही करायची, बिल द्यायचे, इतकेच. कर्नाटकातील सरकारी विद्यापीठांत परीक्षांसाठी स्वतंत्र मूल्यमापन कुलसचिव असतो. महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्याने परीक्षा व मूल्यमापन मंडळाचे संचालक आले. पदे आहेत, कार्यालये आहेत. पण ‘प्रश्नपत्रिका कशी होती? गुणदान सैल होते की कडक? तुमच्या विद्यापीठाच्या तुलनेत हे विद्यार्थी कुठे बसतात?’ असे तीन साधे प्रश्न पाहुण्याला विचारण्याची रीत नाही.

हे चालून गेले, कारण आजवर लेखी परीक्षेची मोठी चाळणी विद्यापीठाच्या हाती होती. ती आता बदलते आहे. बेळगावी मुख्यालय असलेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठात अंतर्गत मूल्यमापन आणि सत्रान्त परीक्षा यांचे वजन अर्धे-अर्धे झाले आहे. बंगळुरूची नामवंत अभियांत्रिकी महाविद्यालये स्वायत्त आहेत. तेथे शिकवणे, प्रश्न काढणे आणि तपासणे हे बहुतांशी एकाच छताखाली चालते. पदवी मात्र विद्यापीठाच्या नावाने मिळते. तेच पदवीपत्र घेणारा गदगचा किंवा निपाणीचा मुलगा संलग्न महाविद्यालयातून, अनोळखी परीक्षकाकडून उत्तरपत्रिका तपासून घेऊन आलेला असतो. दोघांच्या गुणपत्रिका नोकरी देणाऱ्याच्या टेबलावर शेजारी-शेजारी पडतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने संलग्नतेची पद्धत पंधरा वर्षांत संपवण्याचे म्हटले आहे. कर्नाटकाने त्या धोरणाची वाट सोडली आणि प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली स्वतःचा आयोग नेमला, तरी स्वायत्ततेचा ओघ थांबलेला नाही. स्वायत्ततेला माझा विरोध नाही. मात्र जो शिकवतो तोच तपासणार असेल, तर बाहेरच्या डोळ्याची गरज वाढते. आपण ती कमी झाल्यासारखे वागतो आहोत.

यंत्राने हे काम होईल, अशी आशा एका काळी होती. मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये सर्व उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचे ठरवले. कंत्राट मिळाले ते बंगळुरूच्याच एका कंपनीला. सुमारे सतरा लाख उत्तरपत्रिका, अपुरी तयारी आणि तपासणारे हात तेवढेच. राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, ती उलटली. परदेशी आणि परराज्यांतील प्रवेश हुकलेल्या विद्यार्थ्यांचे हाल मराठी वाचकांना आठवत असतील. स्थापनेच्या एकशे साठाव्या वर्षी त्या विद्यापीठाच्या कुलगुरूंना पदावरून दूर व्हावे लागले. परीक्षकाची ओळख लपवणे यंत्राला जमते. पण वाचायला माणूस लागतो, तो प्रशिक्षित लागतो, आणि कर्नाटकात सरकारी पदवी महाविद्यालयांचा गाडा दहा हजारांहून अधिक अतिथी व्याख्याते ओढत असताना तो कोठून आणायचा, हे यंत्र सांगत नाही.

पदवीच्या गुणांवरचा विश्वास उडाला की त्याची किंमत कोण मोजतो? मालक मोजत नाही. तो स्वतःची परीक्षा घेतो. मोठी विद्यापीठे मोजत नाहीत. त्यांच्यासाठी २०२२ पासून सामायिक प्रवेश परीक्षा आली, पीएच.डी.च्या प्रवेशासाठी २०२४ मध्ये ‘नेट’चे गुण पुढे करण्यात आले. बाह्य परीक्षक नाहीसा झालेला नाही; तो पदवीच्या शेवटावरून पुढच्या दाराशी जाऊन उभा राहिला आहे आणि त्याचे नाव आता राष्ट्रीय परीक्षा यंत्रणा आहे. त्या दाराशी काय होते, हे जून २०२४ मध्ये दिसले. नेट परीक्षा घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी रद्द झाली. शिवाय या दाराशी शिकवणीवर्गाला पैसे भरू शकणारा पुढे असतो. तीन वर्षे नेटाने अभ्यास करून मिळवलेले गुण ज्याची एकमेव पुंजी आहे, त्याचीच पुंजी आपण खोटी ठरवत असतो.

ब्रिटनमध्ये ही व्यवस्था अजून टिकून आहे. तेथील बाह्य परीक्षक सहसा उत्तरपत्रिकांचा ढीग तपासत नाही. तो प्रश्नपत्रिका आधी पाहतो, निवडक उत्तरपत्रिका वाचतो, परीक्षा मंडळाच्या बैठकीला बसतो आणि दरवर्षी लेखी अहवाल देतो. त्याला विद्यापीठाने लेखी उत्तर द्यायचे असते. दोन विभागांनी परस्परांचे परीक्षक होणे तेथे निषिद्ध मानले जाते. तरीही इंग्लंडमध्ये प्रथम वर्गाचे प्रमाण २०१०-११ मधील सुमारे १६ टक्क्यांवरून दहा वर्षांत ३७ टक्क्यांच्या आसपास गेले. यात महासाथीचा वाटा आहे, पण सगळा नाही. तेव्हा बाहेरचा माणूस आणला की गुण आपोआप शहाणे होतात, असा दावा मी करणार नाही. पाहुणा प्रतिकूल बोलला तर ते कोणाला कळते, यावर बरेच अवलंबून आहे.

आपल्याकडे हे करायला नवा कायदा लागत नाही. पीएच.डी.च्या प्रबंधासाठी संस्थेबाहेरचे किमान दोन परीक्षक २०२२ च्या नियमांनी बंधनकारकच आहेत. वैद्यकीय पदव्युत्तर परीक्षेत निम्मे परीक्षक बाहेरचे असण्याची परंपरा जुनी आहे. पदवीच्या पातळीवर विद्यापीठाच्या विद्या परिषदेने ठराव करावा, की प्रत्येक विषयाच्या बाह्य परीक्षकाने दोन पानी अहवाल द्यावा आणि तो विभागाच्या उत्तरासह संकेतस्थळावर ठेवावा. ज्या विभागातून परीक्षक आला, त्या विभागात पुढली काही वर्षे येथून कोणी जाऊ नये. मानधन लाजिरवाणे नसावे आणि वेळेवर मिळावे. नॅकनेही निकालाच्या दिवसांबरोबर हे अहवाल मागावेत. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याचा हक्क मान्य केला आणि परीक्षकाचे नाव मात्र सुरक्षित ठेवले. गुण देणाऱ्याला ते संरक्षण हवेच. दर्जाविषयी मत देणाऱ्याने मात्र आपल्या सहीने बोलावे.

एकाही परीक्षकाचा अभिप्राय दप्तरात नव्हता, असे मी वर लिहिले. ते त्या वर्षांपुरते. जुन्या बासनांत एक सापडला होता. इतिहासाच्या कोणा वृद्ध प्राध्यापकाने, कोणी विचारले नसताना, दीड पानाचे पत्र लिहून कळवले होते की एम.ए.ची प्रश्नपत्रिका तीन वर्षे जवळपास तीच आहे, मुलांची उत्तरे एकाच टाचणातून आलेली आहेत आणि मी दिलेले गुण नंतर वाढवलेले दिसतात. पत्रावर आवक क्रमांक होता. समासात एकच शेरा होता: ‘प्रवासभत्ता बिल मंजूर.’